साहेबाचा कोट घेतला, साहेबाची चाल घेतली का?



आमच्या झरी जामणी भागातला एक मुलगा राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर शिकावयास इंग्लंडला गेला. दीड वर्षाने सुटीवर गावी आला तेव्हा सहा किलोने उतरला होता. मुलगा तंदुरुस्त, चेहऱ्यावर तजेला, पण माउलीचा जीव कळवळला. आम्ही भेटावयास गेलो तर ती म्हणाली, "भाऊ, तिकडं माह्या पोराले जेवाले नाही भेटत का जी? सरकारचे पैसे पुरत नसतील का?"

मुलाला विचारले. शिष्यवृत्ती पुरत होती. त्याने व्यायामशाळा लावली नव्हती की कसले औषध घेतले नव्हते. कॉलेज दोन-अडीच किलोमीटर, ते पायी. राहण्याची खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. भाजी-किराणा स्वतः जाऊन आणायचा, पिशवी स्वतः उचलायची. सगळे संध्याकाळी साडेसहा-सातला जेवतात म्हणून हाही जेवू लागला. दोन जेवणांच्या मध्ये कोणी काही पुढे करीत नाही, म्हणून ते खाणे आपोआप सुटले. चहा तिथे बिनसाखरेचा येतो, साखर बाजूला असते. पहिले आठ दिवस तोंड वाकडे झाले, मग सवय झाली. एवढीच त्याची हकिकत.

वस्तीत यावर दोन मते पडली. तरुण म्हणाले, आपणही गोऱ्यांसारखे राहावे. वडीलधारे म्हणाले, गोऱ्यांची नक्कल कशाला, आपली भाकर काय वाईट आहे? दोन्ही बाजूंना आम्ही थोडे थोडे बरोबर समजतो. म्हणून या आठवड्याचे सदर याच विषयाला दिले आहे.

साहेबी राहणी आपल्याला नवी नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी कोट-पाटलोण घातली, टाय लावला, आणि तो नुसता शौक नव्हता. ज्यांनी आपल्या आजोबा-पणजोबांना अंगभर स्वच्छ कपडा घालू दिला नाही त्यांना ते उत्तर होते. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना नीटनेटके नेसण्यास आणि अस्पृश्यपणाची खूण म्हणून अंगावर असलेले जड दागिने टाकून देण्यास सांगितले, तेही त्याच कारणाने. म्हणून लग्नात नवरदेवाचा सूट पाहून कोणी नाक मुरडले तर आम्हाला राग येतो. पण सूट घेताना आपण साहेबाची चाल घेतली का, हे विचारावयास हरकत नाही. साहेब त्याच कोटात रोज मैल-दोन मैल चालतो. आपला नवरदेव लग्न झाल्यावर चौकातून खर्रा आणावयास मोटारसायकलला किक मारतो. (खर्ऱ्यावर एकदा वेगळेच लिहावे लागेल. ते दुखणे एका परिच्छेदात मावणारे नाही.)

युरोपातले सगळेच लोक सडपातळ आणि निरोगी आहेत अशी कोणाची समजूत असेल तर तीही काढून टाकावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली युरोप विभागाचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात तिकडच्या प्रौढांपैकी ५९ टक्के लोकांचे वजन प्रमाणाबाहेर असल्याचे नमूद आहे. पाव-लोणी, केक, बिस्किटे, बाटलीतली गोड पाणी हे सगळे तिकडचेच, आणि तेच आधी आपल्या गावच्या किराणा दुकानात येऊन पोहोचले आहे. घेण्यासारखे जे आहे ते पुडक्यात बांधून येत नसल्याने मागे राहिले.

त्यातले पहिले म्हणजे पाय.

१९५३ साली लंडनच्या बसगाड्यांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तो डॉ. जेरी मॉरिस यांचा. हे मॉरिस पोलंडकडून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबातले. लंडनच्या दुमजली बसमध्ये त्या काळी ड्रायव्हर दिवसभर बसून असे आणि कंडक्टर तिकिटे फाडीत दिवसभर जिना चढत-उतरत असे. दोघे एकाच खात्यातले, सारख्याच वस्तीत राहणारे, सारखेच जेवणारे. हिशेब केला तेव्हा ड्रायव्हरांच्या मानाने कंडक्टरांना हृदयविकार बराच कमी निघाला. मॉरिस यांनी टपाल खातेही तपासले. पायी व सायकलवर टपाल वाटणारे पोस्टमन एकीकडे, खुर्चीवर बसून काम करणारे कारकून आणि टेलिफोनवाले दुसरीकडे. तिथेही खुर्ची हरली. आम्ही स्वतः कारकुनी करतो, त्यामुळे हे वाचताना खुर्चीत नीट बसवले नाही. मॉरिस पुढे नियमाने व्यायाम करीत राहिले आणि २००९ साली वयाच्या ९९ व्या वर्षी गेले.

हॉलंड देशात माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत. मार्क रुटे हे तिथे २०१० ते २०२४ पर्यंत पंतप्रधान होते, ते सायकलवर कचेरीत जात. आपल्याकडे यवतमाळसारख्या जिल्ह्यांच्या मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना सायकली मिळाल्या. पण मुलीची दहावी-बारावी झाली की सायकल गोठ्यात टेकून ठेवली जाते. घरातला बाप्या माणूस सायकलवर दिसला तर लोक विचारतात, "गाडी विकली का जी?"

लोक असे का विचारतात, याचाही विचार करावयास पाहिजे. चालणे ही आपल्या समाजात हौस कधीच नव्हती. वेसकर-तराळ म्हणून गावकामगाराचे टपाल घेऊन रात्री-अपरात्री धावायचे, अंमलदाराच्या घोड्यापुढे पळायचे, पाटलाच्या घरासमोरून जाताना वहाणा हातात घ्यायच्या, हे आपल्या वाडवडिलांचे चालणे. त्या पायांना विश्रांती मिळावी म्हणूनच पुढच्या पिढीने हप्त्यावर मोटारसायकल घेतली. त्या गाडीत इभ्रत आहे हे आम्ही जाणतो, तिची थट्टा करणार नाही. परंतु वेठ म्हणून चालणे निराळे आणि कामावरून घरी येऊन, पायात चांगले बूट घालून, आपल्या मर्जीने तासभर चालणे निराळे. गोरा साहेब चालतो तो दुसऱ्या प्रकारात मोडतो. आपल्याला आता तो अधिकार आला आहे आणि आपण तो वापरीत नाही.

बायांचा प्रश्न आणखी कठीण. सकाळी दोन-चार बाया नुसत्या चालावयास रस्त्यावर निघाल्या की पारावरून शेरा येतोच, "घरी कामधंदा नाही वाटते." वास्तविक कापूस वेचणाऱ्या बाईला चालावयास सांगण्याची गरजच नाही, तिचे पाय दिवसभर रानात असतात. गरज आहे ती अंगणवाडीत, शाळेत, कचेरीत बसून काम करणाऱ्या बहिणींना आणि सून आल्यावर ओसरीवर बसलेल्या सासवांना. त्यांनी चार-पाच जणींचा गट करून निघावे. गटाला शेरा मारावयास पारावरचा माणूस जरा विचार करतो.

बाबासाहेबांच्या लंडनच्या दिवसांचे उदाहरण या बाबतीत पुष्कळदा दिले जाते. १९२० ते १९२३ च्या काळात ते भाडे वाचविण्यासाठी पायी चालत. सकाळी पावाचे तुकडे, रात्री कपभर बोव्हरिल आणि भाजलेले पापड, यावर दिवस काढून ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात वाचीत बसत. चरित्रकारांनी हे सगळे नोंदवून ठेवले आहे. आम्हाला मात्र ते आरोग्याचा धडा म्हणून सांगणे पसंत नाही. ती उपासमार होती. पुढे मधुमेहाने आणि इतर दुखण्यांनी त्यांना किती छळले हे सर्वांस ठाऊक आहे, आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी वयाच्या अवघ्या ६५ व्या वर्षी ते आपल्यातून गेले. उपाशी राहणे आणि मोजून जेवणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

हे अंतर आपल्या शरीरालाही कळते, असे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनावरून दिसते. २००४ साली त्यांनी आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी आपले दोघांचे छायाचित्र शेजारी-शेजारी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण अंगातली चरबी मोजली तर इंग्रज डॉक्टरच्या अंगात ९ टक्के आणि आपल्या पुणेकर डॉक्टरच्या अंगात २१ टक्के! वरून बारीक, आतून चरबी. याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर माता आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास १९९३ पासून केला. आपल्याकडचे बाळ सरासरी २.७ किलोचे, इंग्लंडचे ३.५ किलोचे. आपल्या बाळाचे स्नायू कमी, अवयव लहान, पण चरबी त्या मानाने कमी नव्हती. आईच्या पोटातच अन्न कमी पडले की शरीर पुढच्या दुष्काळाच्या तयारीने जन्माला येते. पुढे दुष्काळ आलाच नाही, नोकरी लागली, साखर-तेल हाताशी आले, की तेच शरीर मधुमेहाकडे लवकर झुकते.

आपल्या वाचकांनी हे पुन्हा एकदा वाचावे. १९७२ च्या दुष्काळात आपली मायबापे खडी फोडीत होती, सुकडी आणि लाल मिलो खाऊन जगत होती. त्याआधीच्या पिढ्यांचे तर विचारूच नका. ती भूक आपल्या अंगात अजून बसून आहे. म्हणून "आम्ही कुठे जाडे आहोत?" असे म्हणून चालणार नाही. हातपाय काड्यांसारखे आणि सदऱ्याची शेवटची गुंडी मात्र ताणलेली, असे कितीतरी बांधव आम्हाला विहारात दिसतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे.

आता भाकरीकडे येतो. वडीलधाऱ्यांचे म्हणणे इथे खरे ठरते. युरोपात पूर्वी पांढरा पाव श्रीमंतांचा आणि राय नावाच्या धान्याचा काळा, भरड पाव गरिबांचा होता. आज तिकडचे शिकलेले लोक तोच काळा पाव शोधून खातात. आपल्याकडेही अगदी तेच घडले. ज्वारीची भाकर, कण्या, आंबाडीची भाजी, चून हे वस्तीतले जेवण होते. रेशनवर गहू-तांदूळ आला, शेतात ज्वारीच्या जागी कापूस आणि सोयाबीन आले, आणि भाकर पाहुण्यापुढे वाढावयाची लाज वाटू लागली. तिकडे पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत हीच भाकर चढ्या भावाने विकली जाते आहे. ज्याच्याकडे थोडे शेत आहे त्याने घरापुरती ज्वारी पेरावी, एवढे तरी होऊ शकेल. शहरातून आलेल्या पाहुण्याला पोळी-भाताऐवजी भाकर आणि वरण वाढा, तो आनंदाने खाईल.

चहाचा हिशेब आम्ही कारकुनी पद्धतीने मांडून पाहिला. कपात दोन चमचे साखर म्हणजे साधारण १० ग्रॅम. घरी दोन, कामावर दोन, पाहुण्यांबरोबर दोन असे सहा कप धरले तर ६० ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली घालून दिलेली मर्यादा दिवसाला २५ ग्रॅमपर्यंत आहे. महिन्याला एकट्या माणसाच्या चहातून पावणेदोन किलोच्या वर साखर पोटात जाते. चहा सोडा असे आम्ही म्हणणार नाही, आम्हालाही तो लागतो. इंग्रजाने चहा आपल्या गळ्यात घातला तशी साखर बाजूला ठेवण्याची त्याची रीतही उचलावी. पाहुण्याला विचारून साखर घालण्यात कंजुषी कसली?

आणि जेवणाची वेळ. मालिका संपल्याशिवाय आपल्या घरी ताटे मांडली जात नाहीत. साडेनऊ-दहाला जेवण आणि लगेच अंथरूण. साहेब सातला जेवतो म्हणून आपणही सातला जेवावे असे सांगितले तर कोणी म्हणेल, ही ख्रिस्ती चाल. बांधवहो, ही आपली चाल आहे! मज्झिम निकायात, कीटागिरी सुत्तात तथागत भिक्खूंना सांगतात की आपण रात्रीचे भोजन घेत नाही, त्यामुळे आजार कमी होतो, अंग हलके राहते, बळ टिकते. उपोसथाला अष्टशील घेणारे उपासक-उपासिका विकाल भोजन सोडतात. म्हणजे महिन्यातले काही दिवस तरी ही सवय ज्या घरांना आहे त्यांना ती नव्याने शिकावी लागणार नाही.

संयुत्त निकायात तर वजन उतरविण्याची सविस्तर गोष्टच आहे. कोसलचा राजा पसेनदी एका वेळी दोणभर भात खाई. एकदा असाच जेवून, धापा टाकीत तो भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला रागे भरले नाही, उपवासही सांगितला नाही. भान ठेवून मोजके जेवणाऱ्याचे कसे भले होते, एवढ्याच अर्थाची एक गाथा म्हटली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करावयास लावली आणि रोज आपण जेवावयास बसलो की म्हणत जा, म्हणून दिवसाला शंभर कहापण देऊ केले. राजाचे जेवण हळूहळू उतरत नाळीभर भातावर आले. अंग हलके झाले. मग तो आपल्या अंगावरून हात फिरवीत म्हणाला की भगवंतांनी माझे या जन्मीचेही कल्याण केले. यात आम्हाला विशेष वाटते ते हे, की राजाला अन्नाची ददात नव्हती. त्याने समोर असलेले ताट आपल्या मर्जीने कमी केले, तेही एका दिवसात नव्हे. आपल्या घरी सुदस्सनाला पगार देणे परवडणार नाही, पण घरातले नातवंड ते काम फुकट आणि मोठ्या आवाजात करील.

एकट्याने हे निभत नाही, म्हणून शेवटी फिनलंडचे सांगतो. त्या देशाच्या पूर्वेला, रशियाच्या सीमेला लागून नॉर्थ कारेलिया नावाचा जंगलाचा, गरीब शेतकरी आणि लाकूडतोड्यांचा प्रांत आहे. तिथले कर्ते पुरुष ऐन उमेदीत हृदयविकाराने पटापट मरत. १९७१ साली तिथल्या लोकांनी सरकारकडे अर्ज केला की आमच्यासाठी काहीतरी करा. १९७२ साली, म्हणजे आपली मायबापे दुष्काळी कामावर होती त्याच वर्षी, पेक्का पुस्का नावाच्या तरुण डॉक्टरच्या पुढाकाराने काम सुरू झाले. लोणी, सायीचे दूध, मीठ आणि तंबाखू यांनी तो प्रांत मरत होता. भाजीपाला म्हणजे जनावराचे खाणे असे तिथले पुरुष म्हणत! डॉक्टरांनी मार्था नावाच्या महिला संघटनेला हाताशी धरले. बायांनी गावोगाव जमून जुन्याच पदार्थांत लोणी कमी आणि भाजी जास्त घालून करून दाखविले. तिथल्या सॉसेजच्या कारखान्याने चरबी कमी करून अळंबी घातली. पुढच्या चाळीसएक वर्षांत कर्त्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. औषधांचाही त्यात वाटा होता, पण मोठा वाटा स्वयंपाकघराचा.

आपल्याकडे मार्था नाही, पण महिला मंडळ आहे. वर्षावासात आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते आणि रोज कोणीतरी अल्पोपहार देते. त्यात आता बुंदी, बालूशाही, बिस्किटांचे पुडे आणि गोड चहा. दानाची भावना निर्मळ आहे, यात शंका नाही. महिला मंडळाने ठरविले तर त्याच पैशात फुटाणे, शेंगदाणे, उकडलेली बरबटी, पेरू, ताक येते. बुद्ध पौर्णिमेची खीर मात्र राहू द्यावी. सुजाताच्या खिरीला हात लावण्याची आमची हिंमत नाही. वाटी तेवढी लहान करावी.

एक-दोन सूचना मात्र कळकळीच्या आहेत. गरोदर व लेकुरवाळ्या बाया, वाढती मुले आणि अंगात रक्त कमी असलेल्या स्त्रिया यांनी जेवण कमी करू नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या ५७ टक्के बाया रक्तक्षयाच्या निघाल्या. घरातली बाई सगळ्यांमागून उरलेसुरले खाते, तिला मोजून जेव म्हणणे हा अन्याय आहे. तिचे ताट आधी भरावे. तसेच साखरेच्या आजाराची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय संध्याकाळचे जेवण सोडू नये, उपोसथालासुद्धा नाही. साखर एकदम उतरून माणूस विहारातच कोसळू शकतो.

वजनकाटा घरी नसला तरी अडत नाही. इंग्लंडच्या नाइस या आरोग्य संस्थेने २०२२ साली सांगितलेली सोपी खूण अशी, की कमरेचा घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावा. एक सुतळी घ्या, डोक्यापासून टाचेपर्यंत मापून कापा, तिची दुहेरी घडी घाला आणि ती पोटाभोवती गुंडाळून पाहा. श्वास रोखून पोट आत ओढावयाचे नाही. टोके जुळली तर ठीक. नाही जुळली तर तीस वर्षांवरील प्रत्येकाची साखर व रक्तदाब आरोग्य उपकेंद्रात फुकट तपासतात, तिथे जावे. त्याआधी आशाताई घरोघरी फॉर्म भरावयास येतात, त्यातही कमरेचे माप असते. पुरुषाला ९० सेंटीमीटर आणि बाईला ८० सेंटीमीटर ही त्यांची रेघ आहे. टेप घेऊन आशाताई दारात दिसल्या की आमचे बरेच बांधव मागच्या दाराने शेताकडे निघून जातात, अशी त्यांची तक्रार आमच्या कानावर आली आहे. पुढच्या वेळी त्यांनी घरी थांबावे.